शिरूरला रविवारी पाऊस पडत नसे

पुण्याचा पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी ते म्हटलं की मी लगेच विचारतो, "मोजला कुणी?" माणसं चिडतात. चिडोत. पावसाचे आकडे लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्याच कामात एकदा मी सपशेल तोंडघशी पडलो. त्यामुळे हा प्रश्न विचारायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

धरण फुटून पुण्यात पूर आला, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. पूर धरणाचा होता, पण त्यानंतर पुण्यात जो तो पावसाबद्दल अधिकारवाणीनं बोलायला लागला. कुणी म्हणे, पाऊस वाढला. कुणी म्हणे, कमी झाला, पण पडतो तेव्हा धो धो पडतो. आमच्या कचेरीत जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांचे कागद यायचे. आमच्या साहेबांनी ठरवलं की गप्पा पुरे, आकडेच मांडून पाहू.

मांडायला बसलो आणि पहिल्याच आठवड्यात अडलो. शहरातलं पावसाचं यंत्र मधल्या काळात जागेवरून हललेलं. जिथं नेलं तिथं आधी मोकळं मैदान, मग शेजारी दुमजली इमारत उभी राहिलेली. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस भिंतीनं अडवला, तर यंत्रात कमी पडणार. मग पाऊस बदलला की मोजणी बदलली, हे कसं ठरवायचं? साहेब म्हणाले, "शहराबाहेरचं असं ठिकाण शोधा, जिथं यंत्र हललं नाही आणि मोजणारा माणूसही बदलला नाही. त्याच्याशी पुणं ताडून बघू."

जिल्ह्याच्या पूर्वेकडची दोन ठिकाणं पुढं आली, दौंड आणि शिरूर. दौंडला मोजणारी माणसं बरीच बदललेली होती. शिरूरला मात्र पंचवीसहून जास्त वर्षं एकच गृहस्थ रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजत होते. मिशनच्या शाळेतले शिक्षक, आता निवृत्त. यंत्र मिशनच्या आवारात, त्यांच्या घरामागं. दर महिन्याचा कागद पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टपालानं हजर. एकदाही चुकलेला नाही. साहेब खूश झाले.

त्यांची ही खुशी मीच घालवली. शिरूरच्या मोठ्या पावसाच्या तारखा काढून त्यांच्यापुढं मी वार लिहीत बसलो होतो. सोमवार. सोमवार. गुरुवार. सोमवार. मला शंका आली म्हणून रविवार तपासले. एकूण एक रविवार शून्य. त्या सगळ्या वर्षांत शिरूरला रविवारी पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "शिरूरचा पाऊस सरकारी नोकर दिसतोय." आम्ही पोट धरून हसलो.

साहेब हसले नाहीत. "हा माणूस घरबसल्या आकडे लिहितोय," ते म्हणाले. "रविवारी लिहायचा कंटाळा करतो, एवढंच. तसं असेल तर शिरूरच्या सगळ्या नोंदी रद्द करायच्या आणि केंद्र बंद. तुम्ही जाऊन या. आधी कळवू नका."

मला भारी हुरूप आला. आयुष्यात प्रथमच कुणाची तरी चोरी पकडायला निघालो होतो. रविवारी सकाळी मास्तरांना रंगेहाथ धरायचं म्हणून मुद्दाम शनिवार निवडला. सकाळच्या गाडीनं दौंडला उतरलो, तिथलं यंत्र पाहिलं आणि दुपारच्या एस.टी.त बसलो. भाद्रपद होता. हा आमचा पूर्वेकडचा भाग आषाढात कोरडाच असतो, जे काय पडायचं ते गणपतीच्या आगेमागे. आभाळ भरून आलं होतं. शेजारी मांडवगणचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. मांडीवर बी-बियाण्याची पिशवी. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, तुमच्याकडं रविवारी पाऊस पडतो का हो?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. "पडतो की. त्याला कुठं वार कळतोय?" मग पिशवी सावरत, "तुमी पुण्याचं व्हय?" म्हणाले.

मी हो म्हटल्यावर त्यांची खात्री पटल्यासारखी दिसली. पुढं ते माझ्याशी फार बोलले नाहीत.

शिरूरला पोचायला संध्याकाळ झाली. मास्तरांचं घर कौलारू, बैठं, पुढं ओटा. मास्तर उंच, सडपातळ, अंगात धुतलेला लांब कोट. मी कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा इतका उजळला की मला जरा अवघडल्यासारखं झालं. "सलाम," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कचेरीतून पहिल्यांदाच कुणी आलं. बाई, अहो, पुण्याहून पावसाचे साहेब आलेत." बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्याही शाळेत शिकवायच्या, म्हणून घरातसुद्धा बाईच. मी साहेब नाही, कारकून आहे, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. धर्मशाळेत उतरतो म्हटलं तर बाईंनी पिशवीच काढून घेतली. रात्री बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली तोवर मी भाकरीकडं बघत बसलो.

रात्री पाऊस चांगला लागला. कौलांवरचा आवाज ऐकत मी पडलो होतो आणि मनात म्हणत होतो, आता बघू उद्या काय लिहितात.

सकाळी साडेआठला मी घड्याळ घेऊन मागच्या दारात उभा. तारेच्या कुंपणात यंत्र होतं. तांब्याचं नरसाळं, त्याखाली बाटली आणि बाहेरून डबा. भोवतीचं गवत कापलेलं, आसपास झाड नाही, भिंत नाही. इतकं नेटकं ठेवलेलं यंत्र मी जिल्ह्यात दुसरं पाहिलं नव्हतं. मास्तर डोक्याला पागोटं, हातात छत्री, असे बाहेर आले. बाई मागून. दोघं कुंपणाच्या कडेनं सरळ निघून गेले. मास्तरांनी यंत्राकडं मानसुद्धा वळवली नाही.

"मास्तर, साडेआठ झाले," मी मागून म्हटलं.

"हो. उपासनेला नऊला घंटा होते. तुम्हाला यायचं असेल तर या."

"पाऊस मोजायचा नाही?"

"आज प्रभूचा दिवस," ते म्हणाले. "आज काम नाही. उद्या मोजू."

इतकं साधं. मी रात्रभर जो चोर पकडायला टपून होतो, तो दिवसाढवळ्या, इस्त्रीच्या कोटात, मला बरोबर चला म्हणत होता.

दिवसभर ते दोघं कुणाला तरी भेटायला गेले, आले, बायबल वाचलं, गप्पा मारल्या. दुपारी आणखी दोन सरी येऊन गेल्या. सोमवारी सकाळी साडेआठच्या ठोक्याला मास्तरांनी बाटली काढली, मापाच्या काचेत तीनदा पाणी ओतलं, तिन्ही वेळा डोळ्याच्या पातळीला धरून वाचलं आणि वही उघडली. आमच्याकडं इंच जाऊन मिलिमीटर आले होते. ते दोन्ही लिहीत. रविवारच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ ओढली. सोमवारच्या ओळीवर आकडा लिहिला. मग दोन्ही ओळींना जोडणारा कंस काढून बाजूला लिहिलं, 'दोन दिवसांचा'.

"रविवारी नेहमी असंच लिहिता?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"पहिल्यापासून. काम घेताना मी कळवलं होतं की रविवारी मोजणार नाही, जमत असेल तर मला नेमा. त्यावर पत्र आलं, चालेल, पण रेघ आणि कंस घालत जा." त्यांनी ते पत्र काढून दाखवलं. घडीवर फाटलेलं, मागून कागद चिकटवलेलं. मग वह्या काढल्या. दर आठवड्याला रेघ आणि कंस. ज्या दिवशी पाऊस नाही तिथं स्वच्छ गोल शून्य. रेघ म्हणजे मोजला नाही, शून्य म्हणजे पडला नाही. मास्तरांच्या वहीत या दोन गोष्टींची कधीच गल्लत झालेली नव्हती.

गल्लत आमच्याकडं झाली होती. महिन्याचे कागद आले की त्यावरून मोठे तक्ते भरायचे आणि तक्त्यात रिकामा रकाना ठेवायचा नाही, असा आमचा रिवाज. दौंडला कोरड्या दिवशी आडवी रेघ ओढायचे. बाकीच्या पुष्कळ ठिकाणी तसंच. म्हणून रेघ दिसली की आम्ही शून्य घालायचो. कंस दिसला तर कुणाची तरी लिहिण्याची लकब म्हणून सोडून द्यायचो. तिथं ओट्यावर बसून मला ते सगळं एकदम दिसलं. गेली नऊ वर्षं शिरूरचा तक्ता भरणारा कारकून मीच होतो. त्याआधीचे निवृत्त होऊन गेले होते. त्यांनी घातली तशीच शून्यं मी डोळे झाकून घालत आलो होतो, आणि त्याच शून्यांवर पोट धरून हसलो होतो.

मास्तरांनी वह्या मिटल्या आणि विचारलं, "माझ्या कामाबद्दल काही तक्रार आली आहे का? खरं सांगा."

"छे हो," मी म्हणालो. "नेहमीची तपासणी."

बाईंनी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या. त्या मी खाल्ल्या, हेही सांगून टाकतो.

पुण्याला येऊन अहवाल लिहिला. मास्तर रविवारी मोजत नाहीत, सोमवारी दोन दिवसांचा एकत्र मोजतात, यंत्र उत्तम स्थितीत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. शून्यं कुणी घातली, हे मात्र लिहिलं नाही. साहेबांनी वाचलं. "म्हणजे दोन दिवसांचा पाऊस एका दिवसावर टाकून वर रविवारी शून्य लिहितात. आणि लोक म्हणतात हल्ली एका दिवसात फार पडतो, तेच तर आपल्याला तपासायचंय. यांच्या सोमवारांनी सगळा घोळ होईल. केंद्र बंद करा. यंत्र परत मागवा. पत्र तुम्हीच लिहा."

मी पत्र लिहिलं. 'आपल्या नोंदी विश्वसनीय नसल्याने' इथपर्यंत लिहिलं आणि खणात टाकलं. दोन दिवस ते खणात होतं. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीती जास्त होती. नोकरीवर शेरा बसला की पुढं कायम बोंब. मास्तरांना काय, मी स्वतःची समजूत घालत होतो, या वयात एक काम कमी. मग डोळ्यापुढं यायचं ते गवत कापलेलं कुंपण. पोस्टमननं पत्र दिलं की मास्तर ते बाईंना मोठ्यानं वाचून दाखवणार, हेही मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दफ्तरातली शिरूरच्या कागदांची रुमालात बांधलेली गाठोडी सोडली. एकेका कागदावर ते कंस मांडलेले. कागदांचा गठ्ठा आणि माझे तक्ते साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "रेघ मास्तरांची आहे. शून्य माझं आहे."

साहेबांनी बराच वेळ कागद उलटले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तरांना काय सांगून आलात?" त्यांनी विचारलं.

"नेहमीची तपासणी म्हणून."

"मग सगळे तक्ते नव्यानं लिहा. तुमचेही आणि तुमच्या आधीचेही. आणि प्रत्येक तक्त्यावर मास्तरांची सही आणा. त्यांनी सही दिली तर शिरूर राहील. नाही दिली तर मी त्यांना दोष देणार नाही, पण मग शिरूर गेलं."

शेरा बसलाच. तक्ते लिहायला दिवाळी उलटून गेली. कचेरी सुटल्यावर बसायचो. पुढचा मार्ग साहेबांनीच काढला. वर्षाची बेरीज जशीच्या तशी घ्यायची, ती कंसानं बिघडत नाही. एका दिवसाच्या मोठ्या पावसाची तुलना करताना शिरूरचे रविवार-सोमवार वगळायचे आणि न्यायाला धरून पुण्याचेही वगळायचे. मास्तरांच्या उपासनेपायी अख्ख्या पुणे शहराचे दोन वार बाजूला ठेवले गेले, आणि पुण्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पण हे सगळं मास्तरांच्या सहीवर अडलेलं होतं.

शनिवारी दुपारी तक्त्यांची गुंडाळी काखेत मारून मी पुन्हा त्या ओट्यावर गेलो. बाईंनी पाणी आणलं. मी पाणी न पिता आधी सांगून टाकलं. साहेबांचा संशय, केंद्र बंद करायचं पत्र, शून्यं, ती कुणाची, सगळं.

"म्हणजे सरकारात असं लिहिलंय की शिरूरला रविवारी पाऊसच पडत नाही?" बाईंनी विचारलं. त्यांना क्षणभर हसू आलं. मास्तरांकडं बघून त्यांनी ते आवरलं.

मास्तरांनी एवढंच विचारलं, "त्या सोमवारी मी तुम्हाला तक्रारीचं विचारलं, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"आता सगळं दुरुस्त केलंय?"

"सगळं."

"बघू," ते म्हणाले आणि आतून वह्यांचा ढीग घेऊन आले.

त्या 'बघू'नं मला जे लागलं ते साहेबांच्या शेऱ्यानंही लागलं नव्हतं. मी त्यांचा शब्द तपासायला आलो होतो. आता ते माझा तपासत होते, आणि तसं करण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. मी तक्त्यातून वाचायचं, त्यांनी वहीत बघायचं. "रविवार, रेघ. सोमवार, कंसात." पटलं की ते नुसती मान हलवायचे. तक्ता संपला की तळाशी सही. दिवेलागणीपर्यंत जेमतेम माझ्या आधीच्या वर्षांचे तक्ते झाले. त्यांनी टाक पुसून ठेवला. "उरलेले परवा," म्हणाले.

म्हणजे मधला अख्खा रविवार मला त्या घरात काढायचा होता. मी उपासनेला त्यांच्याबरोबर गेलो. मागच्या बाकावर बसलो. दुपारी जेवायला पानावर बसलो तेव्हा मास्तरांनी प्रार्थनेत घरी आलेल्या पाहुण्याचाही उल्लेख केला. त्यात टोमणा असता तर मी समजून घेतलं असतं. टोमणा नव्हता. तक्त्यांचा विषय दिवसभर कुणी काढला नाही. माझ्या जन्मात इतका लांब दिवस दुसरा गेला नाही.

सोमवारी साडेआठला मास्तरांनी यंत्र पाहिलं. कोरडं होतं. रविवारी रेघ, सोमवारी शून्य, दोन्हींना कंस. मग पुन्हा ओट्यावर. शेवटची नऊ वर्षं उरली होती, म्हणजे माझीच. मी वाचत होतो, ते मान हलवत होते, सही करत होते. दुपारी शेवटून दुसऱ्या तक्त्यात मी वाचलं, "रविवार, शून्य," आणि वाचता वाचताच माझी जीभ अडखळली.

मास्तरांनी वही माझ्यापुढं केली. त्यांच्या वहीत रेघ होती. इतकं करून, इतक्या संध्याकाळी घालवून, नवा तक्ता लिहितानाही माझ्या हातानं सवयीनं एक शून्य घातलं होतं. मला वाटलं, आता ते गुंडाळी परत देतील. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्या हातात दिला. मी शून्यावर काट मारली, शेजारी रेघ ओढली, कंस काढला.

"हे तुमचंच ना?" त्यांनी विचारलं.

"माझंच."

"मग इथं आधी तुमची सही येऊ द्या. माझी त्याखाली येईल."

मी सही केली. ती वाळेपर्यंत मास्तर थांबले, मग माझ्या हातातून टाक घेऊन त्यांनी तिच्याखाली सही केली आणि म्हणाले, "वाचा पुढं."